सेक्टर २२ मधल्या शाळांचा खर्च कोणी उचलला?

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातल्या पंजाबला राजधानीच उरली नाही. त्या गरजेतून चंदीगड उभे राहिले आणि त्यात सर्वांत आधी वसला तो सेक्टर २२. चंदीगड म्हटले की वास्तुविशारद ल कॉर्बुझिएचेच नाव निघते. पण या सेक्टरची मांडणी प्रामुख्याने त्यांच्या सहकारी वास्तुविशारद जेन ड्रू यांची. साधारण ८०० बाय १२०० मीटरच्या चौकटीत शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंतची सरकारी घरे, आडव्या रस्त्यावर बाजार, आणि वस्तीच्या मधून जाणाऱ्या हिरव्या पट्ट्यात शाळा व मैदाने. मूल घरातून निघाले की वेगवान रस्ता न ओलांडता पायवाटेने वर्गात पोहोचावे, असा त्यामागचा विचार होता. या वास्तुरचनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे, तिच्या हिशेबावर मात्र फारच थोडे. माझ्या मते या सेक्टरचे खरे यश त्या हिशेबात आहे: जमीन घेणारा, प्लॉट विकणारा आणि शाळा बांधणारा एकच होता, त्यामुळे सुविधांचा खर्च जमिनीच्या व्यवहारातच धरता आला.

१९५२ चा पंजाब राजधानी विकास व नियमन कायदा वाचला की हे स्पष्ट होते. त्यात ‘सुविधा’ या शब्दाखाली रस्ते, पाणी, दिवे, गटारे आणि बागांच्या जोडीला सार्वजनिक इमारतीही येतात. त्या पुरवण्यासाठी आणि चालू ठेवण्यासाठी प्लॉटधारकावर शुल्क किंवा कर बसवण्याचा अधिकार सातव्या कलमाने सरकारला दिला. शेतजमीन संपादित करायची, तिचे प्लॉट पाडायचे, राहण्याचे प्लॉट ठरलेल्या दराने द्यायचे, दुकानांचे लिलावात काढायचे आणि आलेला पैसा शहरात घालायचा, अशी ही रीत. १९६० च्या विक्री नियमांनी घेणाऱ्याला चौथा हिस्सा आधी भरून उरलेली रक्कम हप्त्यांनी फेडायची मुभा दिली. त्यामुळे मध्यमवर्गीयालाही सुविधांचा वाटा उचलणे जमले.

यावर पहिला आक्षेप असा की ही सगळी सरकारी तिजोरीची कृपा होती. केंद्राचा पैसा आला हे खरेच. पण प्लॉटविक्री हा सुरुवातीपासूनच आर्थिक आराखड्याचा भाग होता. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. ही जमीन रिकामी नव्हती. तिथे नांदती गावे होती, ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली उठवली गेली. शेताची भरपाई आणि प्लॉटची किंमत यांतल्या फरकावर शहर उभे राहिले, म्हणजे शाळेचा पहिला हप्ता त्या शेतकऱ्यांनी भरला. तिसरा आक्षेप देखभालीचा. एकदा विकलेला प्लॉट पुन्हा विकता येत नाही. चंदीगडला १९९४ पर्यंत महापालिकाच नव्हती आणि राहत्या घरांवरचा मालमत्ता कर त्यानंतरही दोन दशकांनी आला. बांधण्याची सोय चोख होती, टिकवण्याची नव्हती.

आणि मधल्या काळात बिल्डर आला. एका कुटुंबासाठी दिलेल्या प्लॉटवर तीन मजले चढवून ते तिघांना विकण्याची चाल जुन्या सेक्टरांत रूढ झाली. घरे तिप्पट, पण गटार आणि शाळा होती तेवढीच. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेक्टर १ ते ३० मध्ये अशा रूपांतराला मनाई केली. तो निकाल लिहिला अमरावतीच्या न्यायमूर्ती भूषण गवई यांनी. वारसा हा त्यातला मुख्य मुद्दा होता, पण अपुऱ्या पडणाऱ्या सुविधांचा ताणही त्यात आहे.

मालकी खासगी हातात असेल तर तिथे काय करावे, याची उत्तरे वेगवेगळी निघाली. शेजारच्या हरियाणाने १९७५ च्या कायद्यात परवाना घेणाऱ्या विकासकावरच शाळा आणि दवाखाने बांधण्याची अट घातली. कॅलिफोर्नियाने १९८६ मध्ये शाळा-जिल्ह्यांना नव्या बांधकामावर क्षेत्रफळानुसार शुल्क घेण्याचा अधिकार दिला. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाने मात्र नवी मुंबईत चंदीगडसारखीच जमीनविक्रीची वाट धरली. उरलेल्या महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्याखाली विकास आराखड्यात शाळेचे आरक्षण पडते, १९९२ पासून विकास शुल्कही घेतले जाते. पण दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत हालचाल न झाल्यास आरक्षण उडते. शुल्क एका खात्यात जमा होते, शाळेचा प्लॉट दुसऱ्याच्या नावावर राहतो. सेक्टर २२ मध्ये ही फारकत नव्हती. तिथला अन्याय टाळूनही एवढे घेता येईल: ज्या वस्तीतून विकास शुल्क आले, त्याच वस्तीतल्या आरक्षित शाळेच्या जमिनीसाठी ते राखून ठेवावे, आणि वाढीव मजल्यांना मंजुरी त्यानंतरच द्यावी. आपल्या शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवल्या जातात. त्या अर्जात शाळेच्या आरक्षणाचा क्रमांक लिहून, त्यासाठी पैसा कुठून आणि कधी येणार, हे लेखी विचारा.