ठिगळाची कुळकथा

अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात १९४४ सालची एक कागदी पट्टी आहे. तिच्यावर ओळीनं पाडलेली बारीक भोकं आहेत आणि काही भोकांवर कागदाचे चौकोनी तुकडे चिकटवलेले दिसतात. ही पट्टी हार्वर्ड विद्यापीठातल्या ‘मार्क वन’ या गणनयंत्राची. हॉवर्ड एकन यांच्या कल्पनेतून आयबीएमनं बांधलेलं हे यंत्र ५१ फूट लांब होतं. त्याला द्यायच्या आज्ञा अशा पट्ट्यांवर भोकं पाडून लिहीत. एखादी आज्ञा चुकली तर अख्खी पट्टी नव्यानं करायची गरज नसे. चुकीचं भोक तुकडा लावून बुजवायचं, हवं तिथे नवं पाडायचं. कापडाच्या ठिगळाला इंग्रजीत ‘पॅच’ म्हणतात, तोच शब्द या कागदी ठिगळाला मिळाला. कागद गेला, भोकं गेली, शब्द तेवढा उरला. ‘सिक्युरिटी पॅच आलाय’ असं आज कुणी म्हणतं, तेव्हा तो पॅच याच ठिगळाचा वंशज असतो.

ती पट्टी पाहताना मला ठिगळाइतकाच ते लावणारा हात महत्त्वाचा वाटतो. यंत्र चालवणारी, चूक ओळखणारी, यंत्र थांबवणारी आणि ठिगळ लावणारी माणसं एकाच खोलीत होती. केव्हा थांबायचं हे त्यांना सांगावं लागत नसे, कारण थांबणार होतं ते त्यांचंच काम. आज ठिगळ शिवलं जातं दुसऱ्या खंडात, यंत्र थांबतं परस्पर, आणि खोळंबा होतो तो तिसऱ्याच माणसाचा. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहिणारी मुलगी चहा घेऊन परत येते, तर पडद्यावर टक्क्यांचा आकडा फिरत असतो आणि खाली सूचना असते : संगणक बंद करू नका. आमच्याकडे खेड्यांत नेमकी त्याच वेळी वीज जाते, मग ती सूचना कुणी पाळायची? थांबवण्याचा हा अधिकार खोलीतल्या हातातून निसटून इतक्या दूर कसा गेला, त्याची ही कुळकथा.

सुरुवातीला तो अधिकार बराच काळ जवळच राहिला. संगणक विकले जाऊ लागले तेव्हा दुरुस्तीही टपालानं येई, कागदी पट्टीच्या तुकड्याच्या किंवा भोकं पाडलेल्या कार्डांच्या रूपात. जुन्या पट्टीतला चुकीचा भाग कापून नवा तुकडा जोडायचं काम संगणक असलेल्या संस्थेतलीच माणसं करत. १९८५ मध्ये लॅरी वॉल या प्रोग्रामरनं ‘पॅच’ याच नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. कुठली ओळ काढली आणि कुठली घातली याची यादी त्याला दिली की मूळ मजकुरात तो तेवढाच बदल करी. ही यादी माणसालाही वाचता येई. ठिगळ कुठे लागणार, कशासाठी लागणार, हे आधी पाहून मग ‘हो’ म्हणता येई. पुढच्या काळात या कुळानं जे गमावलं त्यात हे वाचता येणं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

दुसरं कुळ रिस्टार्टचं. संगणक सुरू होण्याला ‘बूट होणं’ म्हणतात, आणि हा शब्द खरोखरच पायातल्या बुटावरून आला आहे. उंच बूट ओढून चढवण्यासाठी मागे एक पट्टा असतो. त्याच पट्ट्याला धरून स्वतःलाच उचलणं म्हणजे अशक्य गोष्ट, असा अमेरिकेत वाक्प्रचार होता. संगणकापुढे नेमका तोच पेच होता. प्रोग्राम आत घ्यायचा तर तो आत घेणारा प्रोग्राम आधी आत हवा. त्यावर तोड अशी निघाली की यंत्रानं पहिल्या एक-दोन आज्ञा तेवढ्या आपोआप वाचायच्या, त्यांनी पुढच्या आज्ञा ओढून घ्यायच्या. आयबीएमच्या १९५२ सालच्या ‘७०१’ संगणकावर त्यासाठी एक बटणच होतं.

मग १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. फ्लोरिडातल्या बोका रटोन इथे तो घडवणाऱ्या चमूत डेव्हिड ब्रॅडली होते. चाचण्या घेताना यंत्र वारंवार अडके, आणि वीज बंद करून पुन्हा चालू केलं की स्मृतीची तपासणी संपेपर्यंत ताटकळावं लागे. ब्रॅडलींनी तो वेळ वाचवणारी किल्ली बसवली : कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबा, यंत्र नव्यानं सुरू. त्यांची पहिली योजना डिलीटऐवजी एस्केपची होती. पण त्या तीन कळा एका हातानं चुकून दाबल्या जाऊ शकत होत्या, म्हणून तिसरी कळ कीबोर्डच्या दुसऱ्या टोकाची निवडली. दोन्ही हात लागलेच पाहिजेत, म्हणजे मनात नसताना कुणाचं काम पुसलं जाणार नाही. रिस्टार्टच्या कुळात इतका विचारी पूर्वज होऊन गेला, याची आठवण ठेवायला हवी.

ठिगळ आणि रिस्टार्ट या दोन घराण्यांची सोयरीक जमली ती विंडोजच्या घरी. तिचं कारण तांत्रिक आहे, पण साध्या शब्दांत सांगता येतं. चालू असलेला प्रोग्राम ज्या फाइलींवर उभा असतो, त्यांना विंडोज कुलूप घालते. वापर चालू असेतो ती फाइल पुसून तिच्या जागी नवी ठेवता येत नाही. युनिक्स आणि पुढे लिनक्स यांची रीत वेगळी. तिथे फाइलीचं नाव म्हणजे दारावरची पाटी आणि आतला मजकूर म्हणजे घर. पाटी काढून नव्या घराला लावता येते. नवे पाहुणे पाटी पाहून नव्या घरात जातात, जुन्या घरात बसलेले तिथेच बसून राहतात, आणि शेवटचा माणूस उठला की जुनं घर पाडलं जातं. विंडोजमध्ये हे जमेना, म्हणून बदलायच्या फाइलींची यादी करून ठेवायची आणि पुढच्या खेपेला संगणक सुरू होताना, बाकी कुठलाही प्रोग्राम जागा होण्याआधी, अदलाबदल उरकायची अशी पद्धत पडली. ‘बदल लागू होण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करा’ या वाक्याचा जन्म बराचसा त्या कुलपातून झाला. अर्थात लिनक्सवाल्यांचीही यातून पूर्ण सुटका नव्हती. व्यवस्थेचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलायचा तर त्यांनाही रिस्टार्ट करावंच लागे.

इथवर रिस्टार्ट होता, सक्ती नव्हती. विंडोज ९८ बरोबर ‘विंडोज अपडेट’ आलं, पण तिथे जाऊन दुरुस्ती घ्यायची की नाही हे वापरणाराच ठरवी. बहुतेक जण जात नसत, आणि त्याची किंमत २००३ मध्ये मोजावी लागली. २५ जानेवारीला ‘स्लॅमर’ नावाची कीड सुटली आणि दहा मिनिटांत जगभरच्या सुमारे ७५,००० संगणकांत शिरली. ज्या फटीतून ती शिरली, तिच्यावरचं ठिगळ सहा महिन्यांपूर्वीच, जुलै २००२ मध्ये, तयार होतं. ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ आली. तिचंही ठिगळ महिनाभर आधी निघालेलं होतं. ब्लास्टरच्या धक्क्यानं विंडोजची एक अत्यावश्यक सेवा कोसळे, पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी लागे आणि संगणक आपणहून पुन्हा सुरू होई.

त्याच ऑगस्टमध्ये या कुळातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट घडली. ‘वेल्चिया’ नावाची आणखी एक कीड आली. ती न विचारता संगणकात शिरे, ब्लास्टर दिसली तर तिला काढून टाकी, मायक्रोसॉफ्टकडून खरं ठिगळ उतरवून बसवी आणि संगणक रिस्टार्ट करी. दिसायला सगळं काम भल्याचं. पण ती नवी यंत्रं शोधत इतकी धावली की अमेरिकी नौदल आणि मरीन कोअरचं अंतर्गत जाळं तिच्या ओझ्याखाली गुदमरलं. परवानगी न घेता केलेल्या उपकारानं केवढं नुकसान होतं, याचा धडा तिथेच मिळाला होता. आपल्या संगणकात दुसऱ्याच कुणी दुरुस्ती घुसवावी आणि आपल्याला न विचारता तो बंद-चालू करावा, हे एका किडीनं अधिकृत सक्तीच्या कितीतरी आधी करून दाखवलं होतं.

मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २००३ पासून ठिगळांना वार नेमून दिला, महिन्याचा दुसरा मंगळवार. कंपनीच्या मुख्यालयातली सकाळ म्हणजे आपली मंगळवारची रात्र, त्यामुळे आपल्याकडे त्याचा अनुभव येतो बुधवारी. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनं स्वयंचलित अपडेट चालू ठेवण्याचा जोरदार आग्रह धरला. तरीही ‘नको’ म्हणायची सोय होती. ती घरगुती वापरणाऱ्यांसाठी संपली २९ जुलै २०१५ ला, विंडोज १० बरोबर. होम आवृत्तीत सुरक्षेची ठिगळं आणि नव्या सोयी-सजावटी एकाच गाठोड्यात येऊ लागल्या आणि ते गाठोडं नाकारता येईना. २०१६ च्या मे महिन्यात तर विंडोज १० कडे चला असं सुचवणारी खिडकी फुलीवर टिचकी मारून बंद केली, तरी तो होकार धरला जाऊ लागला. टीकेची झोड उठल्यावर ते बदललं. कॅलिफोर्नियातल्या एका प्रवास-व्यावसायिक महिलेनं, न मागता सुरू झालेल्या विंडोज १० च्या अपग्रेडनं संगणक निकामी झाला म्हणून दावा लावला आणि १०,००० डॉलर मिळवले. मग २०१६ मध्ये ‘कामाचे तास’ सांगण्याची सोय आली, आणि २०१९ पासून होम वापरणाऱ्यांना अपडेट ३५ दिवसांपर्यंत थोपवता येऊ लागलं.

सक्तीमागचं कारण खोटं नव्हतं, हे मी मनापासून मानतो. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ या किडीनं ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचं कामकाज विस्कळीत केलं, तेव्हा तिचं ठिगळ १४ मार्चलाच निघालेलं होतं. न लावलेलं ठिगळ एकट्याचं राहत नाही, माझ्या फटीतून चोर शेजाऱ्याकडे जातो. पण सक्ती करणाऱ्यावर त्याहून मोठी जबाबदारी येते : ठिगळ निर्दोष हवं. तिथे हे कुळ पुन्हा पुन्हा कमी पडलं. २ ऑक्टोबर २०१८ ला आलेल्या विंडोज १० च्या अपडेटनं काही जणांच्या फाइलीच पुसून टाकल्या. डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर ज्यांनी दुसऱ्या ठिकाणी वळवले होते, त्यांच्या जुन्या जागी राहिलेल्या फाइली रिकाम्या फोल्डरचा पसारा समजून काढल्या गेल्या. चार दिवसांत वाटप थांबवावं लागलं. चाचणी घेणाऱ्या स्वयंसेवकांपैकी काहींनी ही तक्रार आधीच नोंदवली होती, पण ती इतर तक्रारींच्या ढिगात दबून राहिली.

अपडेटवरच्या विश्वासाचा घात तर २०१७ च्या जूनमध्येच झाला होता. युक्रेनमधल्या ‘एमईडॉक’ या हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमधूनच ‘नॉटपेट्या’ ही कीड पसरली. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक तिनं उद्ध्वस्त केले आणि आपल्या न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. पुढे १९ जुलै २०२४ च्या सकाळी, भारतात नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं एक छोटी फाइल जगभर पाठवली. तिच्यामुळे त्या कंपनीचा प्रोग्राम २० रकान्यांच्या यादीत एकविसावा रकाना वाचायला गेला. हा प्रोग्राम विंडोजच्या गाभ्यातच बसलेला असल्यानं सुमारे ८५ लाख संगणक कोसळले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा कोसळले. कंपनीनं ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण अडकलेली यंत्रं दुरून सुधारेनात. माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन ती फाइल हातानं काढावी लागली. आपल्या काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना पेनानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावायचं, असं आपण म्हणतो. इथे तर आभाळ ठिगळानंच फाडलं होतं.

मग सक्तीचा रिस्टार्ट अटळ आहे का? नाही, आणि हे या कुळातल्याच एका धाकट्या शाखेनं दाखवलं आहे. एमआयटीतल्या जेफ अर्नोल्ड या विद्यार्थ्यानं एका सर्व्हरचं सुरक्षा अपडेट पुढे ढकललं, कारण रिस्टार्ट केला तर तो वापरणाऱ्यांची गैरसोय झाली असती. तेवढ्या अवधीत कुणीतरी तो सर्व्हर फोडला. दुरुस्तीही हवी आणि लोकांचं कामही मोडायला नको, या पेचातून त्यानं २००८ मध्ये ‘केस्प्लाइस’ तयार केलं. त्यामुळे लिनक्सचा गाभा चालू असतानाच त्याला ठिगळ लागू लागलं. २०१५ मध्ये लिनक्सच्या ४.० आवृत्तीत अशा चालत्या दुरुस्तीचा पाया अधिकृतपणे घातला गेला. अँड्रॉइडनं २०१६ मध्ये दुसरी वाट काढली : व्यवस्थेच्या दोन प्रती ठेवायच्या, एकीवर तुम्ही काम करायचं, दुसरीला मागे शांतपणे ठिगळ लागायचं. आता मायक्रोसॉफ्टही विंडोज ११ साठी ‘हॉटपॅच’ देते. त्यात वर्षातल्या बारा महिन्यांपैकी चारच महिन्यांत रिस्टार्ट लागावा अशी योजना आहे. पण ती सोय संस्थांच्या सशुल्क परवान्यांसाठी आहे. घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपवर अभ्यास, नोकरीचे अर्ज आणि आईच्या शिवणकामाचा हिशेब चालतो, तो मात्र पहिल्यासारखाच मध्येच थांबतो.

मला यातली ही विषमता सर्वांत जास्त खुपते. मोठ्या कार्यालयात संगणक थांबला तर शेजारचा संगणक असतो, तो दुरुस्त करणारा माणूस असतो. ज्याच्याकडे एकच यंत्र आहे, त्याच्या वेळेला मोल कमी, असं या व्यवस्थेनं जणू ठरवून टाकलं आहे. उपाय अवघड नाहीत. सुरक्षेचं ठिगळ नव्या सजावटीच्या गाठोड्यातून वेगळं काढा, म्हणजे लोक त्याला घाबरणार नाहीत. ते काय सांधतं हे वापरणाऱ्याच्या भाषेत दोन ओळींत लिहा. न थांबवता लावता येत असेल तर ती सोय होम आवृत्तीलाही द्या. आणि थांबवावंच लागणार असेल तर ब्रॅडलींच्या तीन कळांची शिस्त पाळा : जोवर यंत्रापाशी बसलेल्या माणसाचे दोन्ही हात त्यासाठी पुढे येत नाहीत, तोवर त्याचं काम मोडू नका.