धानाच्या मुलखातली ओली घोडी

आमच्या गोंदियाकडे म्हैस तगते, पण घोडी तगवणं कठीण. इथं वैरण म्हणजे धानाची तणस. म्हैस ती रवंथ करून पचवते. घोडं रवंथ करत नाही, तणशीतून त्याच्या अंगाला फारसं लागत नाही. त्यात घोडी व्यालेली असली म्हणजे शिंगरू रोज आठ-दहा लिटर दूध ओढते. पोटात पडलं नाही, तर घोडी अंगावरचं मांस गाळून दूध पुरवते. मग बरगड्या मोजून घ्या.

1853 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. मराठी घोडदळाची ताकद तलवारीत तेवढीच तोबऱ्यातही होती. तोबऱ्यात हरभरा, नाहीतर कुळीथ. इंग्रजांनी कुळथाला नावच 'घोड्याचा चणा' असं दिलं.

आमच्याकडे उभ्या धानात लाखोडी न् जवस फेकतात. लाखोडी स्वस्त, म्हणून गरिबाचा हात तिकडंच जातो. पण महिनोन् महिने चारली तर घोड्याचे मागचे पाय लुळे पडतात, धाप लागते. माणसाचंही तसंच. सागरकडं लाखोडी खाऊन लुळे झालेल्यांविषयी स्लीमन साहेबानं 1844 च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

खंगलेल्या घोडीला उकळलेला जवस थोडा, भिजवलेला हरभरा, हिरवा चारा, मीठ न् मुबलक पाणी द्यावं. जंताचं औषध डॉक्टरला विचारून. दाणा दिवसातून तीन-चारदा, मूठ-मूठ वाढवत. एकदम ओतला तर पोटशूळ उठतो, खूर धरतात. अंग भरायला दोन-तीन महिने लागतात. तेवढा दम मालकाला पाहिजे.