टेम्सच्या गाळांतील इतिहास

ब्रिटिश लायब्ररींत जतन केलेले ईस्ट इंडिया कंपनीचे कागद पाहण्यासाठीं कांहीं वर्षांपूर्वीं मला एक हिंवाळा लंडनांत काढावा लागला. कंपनीचा सारा कारभार कागदी. अशा कागदांत दिवसचे दिवस मान घालून बसणाऱ्यास हळूहळू असें वाटूं लागतें कीं, जें लिहिलें गेलें तेवढेंच घडलें. हा आमच्या धंद्याचा जुना आजार आहे. त्यावर मला उतारा मिळाला तो ग्रंथालयांत नव्हे, टेम्स नदीच्या चिखलांत.

मी ज्यांच्या घरीं उतरलों होतों ते वृद्ध गृहस्थ निवृत्त शाळामास्तर होते. आठवड्यांतून एकदां भरती-ओहोटीचें कोष्टक पाहून ते रबरी बूट चढवीत आणि नदीवर जात. एका रविवारीं त्यांनीं मलाही नेलें. टेम्स ही नदी खरी, परंतु लंडनांत ती समुद्राच्या आज्ञेंत वागते. उधाणाच्या दिवसांत लंडन ब्रिजपाशीं तिचें पाणी २० फुटांहून अधिक चढतें आणि तितकेंच उतरतें. उतरलें म्हणजे धक्क्याच्या दगडी पायऱ्यांखालीं गाळ, रेती व विटांचे तुकडे यांचा एक पट्टा कांहीं तास उघडा पडतो. रोमन लोकांनीं येथें वसाहत केली त्याला सुमारें २००० वर्षें होत आलीं. तेव्हांपासून शहरानें जें टाकलें, सांडलें, हरवलें किंवा मुद्दाम बुडविलें, त्यांतलें पुष्कळसें या पट्ट्यांत आहे. दाट गाळांत हवा शिरत नाहीं, आणि हवा नसल्यामुळें कातडें कुजत नाहीं व लोखंड सहसा गंजत नाहीं. पांचशें वर्षांपूर्वींच्या एखाद्या पोराचा जोडा टांक्यांसकट वर येतो. टांचण्या तर शेंकड्यांनीं मिळतात. पांढऱ्या मातीच्या, लांब दांडीच्या चिलमींचे तुकडे पावलोपावलीं दिसतात. त्यांत चिलीम जितकी जुनी तितकी तिची वाटी लहान. कारण सोळाव्या शतकाच्या अखेरीस तंबाखू इंग्लंडांत नवी व फार महाग होती. ही गोष्ट सांगणारे कागदही आहेत. पण ती इवलीशी वाटी पाहिली म्हणजे महागाई बोटांना समजते.

या छंदास इंग्रजींत ‘मडलार्किंग’ असें नांव आहे. लार्क म्हणजे चंडोल; तेव्हां ‘चिखलांतील चंडोल’ हें नांव कानाला गोड लागतें. परंतु तें ज्यांना पहिल्यानें मिळालें ते हौसेनें चिखलांत उतरले नव्हते. हेन्री मेह्यू या पत्रकारानें १८४९ पासून लंडनच्या गरिबांच्या मुलाखती घेऊन वृत्तपत्रांत छापल्या व १८५१ मध्यें त्यांचा ग्रंथ केला. त्यांत हे चंडोल भेटतात. आपल्याकडे सोनाराच्या दुकानाबाहेरची धूळ धुऊन पोट भरणारे झारेकरी असत, तशीच ही जात. फक्त धुळीऐवजीं चिखल, आणि सोन्याऐवजीं कोळसा. गलबतांवरून सांडलेला कोळसा, दोराचे तुकडे, हाडें, जुनें लोखंड असें जें हातीं लागेल तें हीं मुलें व म्हाताऱ्या बायका वेंचीत. १४ पौंड कोळशाला एक पेनी येई. तांब्याच्या खिळ्यांस पौंडामागें चार पेनी मिळत. पण ज्या जहाजांना तांब्याचा पत्रा ठोकलेला असे त्यांच्याजवळ या मुलांना कोणी फिरकूं देत नसे. हिंवाळ्यांत पाय बधिर झाले म्हणजे कांठच्या वाफेच्या कारखान्यांतून जें गरम पाणी वाहत येई त्यांत पाय शेकीत तीं उभीं राहत. तळव्यांत कांच किंवा खिळा घुसला तर घरीं जाऊन चिंधी बांधावयाची आणि धांवत परत यावयाचें. कारण हातीं कांहीं न लागतां भरती आली तर पुढच्या ओहोटीपर्यंत उपास. मेह्यूनें विचारलें नसतें तर या मुलांविषयीं आज आपणांस जवळजवळ कांहींच कळलें नसतें. गाळानें इतरांच्या वस्तु सांभाळल्या, यांच्यापाशीं सांभाळण्याजोगी वस्तूच नव्हती.

त्याच सुमारास चिखलांतून दुसरेंही एक गिऱ्हाईक उत्पन्न झालें होतें. १८२४ ते १८३१ या काळांत लंडनचा नवा पूल बांधतांना नदीचा तळ उपसला गेला आणि रोमन नाणीं वर येऊं लागलीं. चार्ल्स रोच स्मिथ नांवाचा एक औषधविक्रेता अशा वस्तु मजुरांकडून विकत घेई. त्याचा संग्रह १८५६ मध्यें ब्रिटिश म्युझियमनें २००० पौंडांस घेतला. जुन्या वस्तूंना असा भाव आहे, हें आतां नदीकांठच्या माणसांनाही उमगलें.

विल्यम स्मिथ आणि चार्ल्स ईटन अशीं त्या दोघांचीं नांवें. इतिहासांत ते बिली आणि चार्ली म्हणूनच ओळखले जातात. दोघेही निरक्षर. १८५७ मध्यें शॅडवेल येथें नवी गोदी खणली जात होती. ‘हें तेथें सांपडलें’ असें सांगून त्यांनीं शिशाचीं पदकें, पुतळ्या व यात्राचिन्हें विकावयास आरंभ केला. प्लास्टरचा सांचा करावा, खिळ्यानें व चाकूनें त्यांत आकृति कोरावी, ओतीव वस्तु आम्लांत बुडवून नदीचा चिखल फांसावा, अशी त्यांची रीत. अक्षरें येत नसल्यामुळें पदकांवरील लेख म्हणजे नुसत्या रेघोट्या; पण सन मात्र ते स्पष्ट घालीत, आणि तेही अकराव्या शतकापासूनचे! येथेंच त्यांची खरी चूक होती. आपल्या देशांतून अरबांच्या मार्फत युरोपांत गेलेले हे अंक त्या काळीं इंग्लंडांत कोणी पदकावर घालीत नसे. १८५८ मध्यें हेन्री सायर क्यूमिंग यानें या वस्तु बनावट असल्याचें एका पुराणवस्तु-मंडळाच्या सभेंत सांगितलें व तें वृत्त छापून आलें. तेव्हां त्यांचा व्यापारी जॉर्ज ईस्टवुड यानें वृत्तपत्रावर अब्रुनुकसानीची फिर्याद लाविली. गिल्डफर्ड येथें खटला चालला, आणि तेथें साक्षीस उभे राहून ‘या वस्तु अस्सल आहेत’ असें सांगणारांत रोच स्मिथ होता! ज्यानें आयुष्य या गाळांत वेंचलें त्यालाच या गाळानें चकविलें. फिर्याद फेटाळली गेली, मात्र मालाचा खप उलट वाढला. १८६१ मध्यें चार्ल्स रीड यानें प्रत्यक्ष सांचे मिळवून विद्वानांपुढें मांडले तेव्हां प्रकरण मिटलें. शिक्षा कोणालाच झाली नाहीं. चार्ली १८७० मध्यें क्षयानें वारला.

रोच स्मिथला हंसणें सोपें आहे. मला मात्र त्या प्रसंगीं स्वतःची आठवण होते. कागद कोणाच्या हातचा, कशासाठीं लिहिला, हें आम्ही दहादां विचारतों. आणि मातीनें माखलेली वस्तु पुढें आली कीं ती खोटें बोलणार नाहीं असें धरून चालतों. वस्तु कोठें, किती खोल, कशाच्या शेजारीं सांपडली हें कळलें नाहीं तर तिची साक्ष बाजारगप्पेहून अधिक मोलाची नसते.

ही खबरदारी घेतली म्हणजे गाळ काय देऊं शकतो त्याचें एक उदाहरण देतों. बालपण ही कल्पनाच अर्वाचीन आहे, मध्ययुगांत मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ, असें मत फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकारानें १९६० मध्यें मांडलें व तें सर्वत्र मान्यता पावलें. पुढें टेम्सच्या चिखलांतून छंदी लोकांनीं शिसें-कथिलाचीं खेळणीं वेंचून काढलीं: चिमुकलीं भांडीं, तबकें, आणि सन १३०० च्या सुमाराचा घोड्यावर बसलेला एक सरदार. तीं सांच्यांत ओतलेलीं, म्हणजे विकण्यासाठीं केलेलीं. मुलांसाठीं पैसे खर्च करणारे आईबाप असल्याखेरीज असा धंदा चालत नाहीं.

आज नदीचा हा पट्टा चाळावयास परवाना लागतो. २०१६ पासून तर नुसत्या डोळ्यांनीं शोध घेणारासही तो सक्तीचा आहे. ३०० वर्षांहून जुनी वस्तु लंडनच्या म्युझियमच्या अधिकाऱ्यास दाखवून, ती सांपडल्याची जागा नोंदवावी लागते. मागणी एवढी वाढली कीं २०२२ मध्यें नवे परवाने देणें कांहीं काळ थांबविलें होतें. हौसेला असा पायबंद कित्येकांना जाचतो. मला तो योग्य वाटतो. मीं त्या रविवारीं चिलमीचा एक तुकडा उचलला होता. मास्तरांनीं शाळेंतल्या आवाजांत तो खालीं ठेवावयास लाविला. परवाना त्यांच्यापाशीं होता, माझ्यापाशीं नव्हता.

परततांना त्यांनीं गाळांतून बोटभर उंचीची एक पितळेची मूर्ति काढली आणि मजपुढें धरली. गणपति होता. मीं सांगितलें कीं, लंडनांतील हिंदु लोक टेम्सला गंगेच्या ठिकाणीं मानून मूर्ति, नारळ, दिवे तिच्यांत सोडतात. ही कोणाची हरवलेली नाहीं, निरोप देऊन पाठविलेली आहे. मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कँटरबरीच्या संत बेकेटचीं यात्राचिन्हेंही यात्रेकरू नदींत मुद्दाम टाकीत, असें कांहीं विद्वानांचें मत आहे. तशीं दोन माझ्या कपाटांत आहेत. तीं मीं उचलावयास नको होतीं काय?”

मला उत्तर सुचलें नाहीं. त्यांनीं वांकून मूर्ति होती तेथें ठेवली. पाणी चढूं लागलें होतें. खालची पायरी भिजली तसे आम्ही वर निघालों.