मोटारगाडी उद्योग, अमेरिकन : मंदी व परदेशी स्पर्धा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जनरल मोटर्स, फोर्ड व क्रायस्लर या तीन कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर सु. पाव शतक देशातील मोटारगाड्यांच्या बाजारपेठेवर जवळजवळ निर्विवाद वर्चस्व गाजविले. तथापि १९७४–७५, १९८०–८२ व २००८–०९ या मंदीच्या काळांत परदेशी, विशेषतः जपानी, कंपन्यांच्या मानाने त्यांना कितीतरी अधिक झळ पोहोचली. देशी गाड्यांचा दर्जा कमी होता, हे याचे नेहमी दिले जाणारे कारण खोटे नसले, तरी अपुरे आहे. दर्जातील फरक तेजीतही होताच. मंदीत उघडे पडले ते तेजीच्या दिवसांत पत्करलेले बांधील खर्च व मोठ्या गाड्यांवरील नफ्याचा एकांगी आधार.

यांपैकी खर्चाचे मूळ १९५० मध्ये सापडते. त्या वर्षी जनरल मोटर्स व युनायटेड ऑटो वर्कर्स ही कामगार संघटना यांच्यात पाच वर्षांचा करार झाला; तो ‘डेट्रॉइटचा तह’ म्हणून ओळखला जातो. निवृत्तिवेतन व आरोग्यविमा यांचा भार शासनाने उचलावा, असे संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर रूथर यांचे मत होते. ते साधले नाही आणि भार कंपन्यांवर आला. तिन्ही कंपन्यांनी जवळपास सारख्याच अटी मान्य केल्याने एकीला दुसरीचे भय नव्हते. खर्च गाडीच्या किमतीत मिळविला की भागत असे. जपानमध्ये मात्र १९६१ पासून आरोग्यविमा सार्वत्रिक झाला व त्याचा खर्च विमेदार, मालक व शासन यांच्यात वाटला गेला. जपानी कंपन्यांनी पुढे अमेरिकेत जे कारखाने काढले, त्यांतील कामगार तरुण होते. निवृत्त असे फारसे कोणी नव्हतेच.

विक्री घटली, म्हणून निवृत्तांची संख्या घटत नाही. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘जॉब्ज बँक’ योजनेनुसार काम नसलेल्या कामगारांनाही वेतनाचा मोठा भाग मिळू लागला, तेव्हा चालू वेतनही बऱ्याच अंशी स्थिर खर्च बनले. अशा स्थितीत कारखाना थांबविण्यापेक्षा गाड्या काढून सवलतीत विकणे परवडे. सप्टेंबर २००१ नंतर जनरल मोटर्सने बिनव्याजी कर्ज देऊ केले व इतरांनी तिचे अनुकरण केले. ग्राहक सवलतीची वाट पाहू लागले.

दुसरे कारण खनिज तेलाशी निगडित आहे. ऑक्टोबर १९७३ नंतर काही महिन्यांतच अशुद्ध तेलाचा भाव पिंपामागे सु. ३ डॉलरवरून सु. १२ डॉलरवर गेला आणि १९७९ मधील इराणी क्रांतीनंतर तो पुन्हा भडकला. कमी पेट्रोल खाणाऱ्या लहान गाड्या जपानी कंपन्यांकडे तयार होत्या. १९८० मध्ये जनरल मोटर्सला १९२१ नंतर प्रथमच तोटा झाला, क्रायस्लरला शासनाने दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जांची हमी दिली आणि मोटारवाहनांच्या उत्पादनात जपानने अमेरिकेला मागे टाकले. १९८१ पासून जपानने आपली निर्यात वर्षाला १६·८ लक्ष मोटारींपुरती ‘स्वेच्छेने’ मर्यादित केली. ही स्वेच्छा अर्थातच दडपणाखालची होती. तिचा लाभ प्रतिस्पर्ध्यांनाच झाला : संख्या बांधली गेल्याने त्यांनी अधिक महाग गाड्या पाठविल्या आणि अमेरिकेतच कारखाने उभारले. होंडाचा ओहायओतील मेरिझव्हिल येथील मोटार कारखाना १९८२ मध्ये, तर निस्सानचा टेनेसीतील स्मर्ना येथील कारखाना १९८३ मध्ये सुरू झाला.

संरक्षणाचा आणखी एक परिणाम अधिक खोल गेला. अमेरिकन कोंबड्यांवर यूरोपीय देशांनी बसविलेल्या जकातीचा प्रतिकार म्हणून १९६४ पासून आयात हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात बसली. कोंबड्यांचे भांडण लोक विसरले, जकात राहिली. १९७५ च्या इंधनबचत कायद्याखालील मर्यादाही ट्रकांना तुलनेने सौम्य होत्या. त्यामुळे लहान मोटारीवरचा अल्प नफा सोडून देशी कंपन्या पिकअप ट्रक व त्याच सांगाड्यावरील अवजड प्रवासी गाड्या यांकडे वळल्या. पेट्रोल स्वस्त असेतो हा हिशेब बिनचूक होता.

जुलै २००८ मध्ये तेल पिंपामागे १४७ डॉलरवर पोहोचले व सप्टेंबरात कर्जपुरवठा आटला. २००७ मध्ये सु. १·६ कोटी असलेली अमेरिकेतील वाहनविक्री २००९ मध्ये सु. १·०४ कोटीवर आली. टोयोटालाही मार्च २००९ अखेरच्या वर्षात १९५० नंतरचा पहिला निव्वळ तोटा झाला; पण १९५० च्या संकटापासून राखीव निधी बाळगणाऱ्या या कंपनीने टेक्सस व इंडियाना येथील काम तीन महिने थांबवूनही कामगारांना वेतन देऊन प्रशिक्षणात गुंतविले. क्रायस्लर ३० एप्रिल २००९ रोजी व जनरल मोटर्स १ जून रोजी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. फोर्ड वाचली, कारण तिने २००६ मध्येच मालमत्ता तारण ठेवून सु. २३ अब्ज डॉलरची सोय केली होती. शिवाय जून २००८ मध्ये जॅग्वार व लँड रोव्हर हे ब्रिटिश व्यवसाय तिने मुंबईच्या टाटा मोटर्सला २·३ अब्ज डॉलरला विकले.

शासनाने जनरल मोटर्सचे आपले अखेरचे भाग डिसेंबर २०१३ मध्ये विकले, व्यवहारात सु. १० अब्ज डॉलरची खोट आली. जॉब्ज बँक बंद झाली, निवृत्तांच्या आरोग्यखर्चाची जबाबदारी स्वतंत्र न्यासाकडे गेली. ट्रकांवरील जकात मात्र कायम राहिली आणि एप्रिल २०१८ मध्ये फोर्डने मस्टंगसारखे अपवाद वगळून उत्तर अमेरिकेतील मोटारींचे उत्पादन क्रमाक्रमाने थांबविण्याचे जाहीर केले.