मॅन्शन हाऊस ९०००

लंडनमधल्या वॉलब्रुक गल्लीतल्या सेंट स्टीफन चर्चमध्ये एक जुना फोन काचेच्या पेटीत जपलेला होता. आज आपण ‘हेल्पलाइन’ म्हणतो तिचा माग काढत गेलं, की या फोनपाशी पोचतो. फोनच्या मागे आहे एक मुलगी.

१९३५ साली लिंकनमध्ये चाड वराह या तरुण पाद्र्याने पहिलाच अंत्यविधी केला, तो १४ वर्षांच्या मुलीचा. तिला पाळी आली होती. पाळी म्हणजे काय हे कोणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला गुप्तरोग झाला असं समजून तिने जीव दिला. वराह यांच्या मनातून ती गेली नाही.

२ नोव्हेंबर १९५३ ला त्यांनी चर्चमधला ‘मॅन्शन हाऊस ९०००’ हा नंबर जीव नकोसा झालेल्यांसाठी खुला केला. आत्महत्येचा प्रयत्न तेव्हा इंग्लंडात गुन्हा होता. लोक भेटायलाही येऊ लागले. वराह आत सल्ला देत आणि बाहेर थांबलेल्यांना स्वयंसेवक चहा देत, बोलत बसत. गंमत अशी, की चहावर मन मोकळं झालेले कितीतरी जण वराहांना न भेटताच घरी जात. वराहांनी हे ओळखलं आणि १९५४ मध्ये फोन स्वयंसेवकांच्या हवाली केला. सल्ला देणाऱ्याने असं बाजूला होणं मला त्या फोनपेक्षाही मोठं वाटतं.

आपल्याकडे १९८६ मध्ये चेन्नईत ‘स्नेहा’ ही हेल्पलाइन सुरू झाली. मुंबईत १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतून मुलांसाठी १०९८ हा नंबर निघाला. ‘दस नौ आठ’, रस्त्यावरच्या पोरांनाही पाठ होईल असा. कायदा मात्र मागेच रेंगाळला. जीव द्यायला निघून वाचलेला माणूस गुन्हेगार नव्हे, तीव्र ताणाखालचा, हे २०१८ मध्ये लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्याने मानलं.

घराघरातली भीती अजून तीच आहे: आत्महत्येचा विषय काढला तर पोराच्या डोक्यात नको ते भरेल. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमध्ये दोन हजारांवर मुलांवर हे तपासून पाहिलं गेलं. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आले. थेट प्रश्न विचारल्याने मुलांचा त्रास वाढला नाही, जीव देण्याचे विचारही वाढले नाहीत. परीक्षेच्या निकालानंतर एखाद्या मुलाने जीव दिला, की आपल्या बातम्यांत मात्र एकच कारण येतं, ‘नापास’. नैराश्य, घरातली मारहाण, वर्गातली छळवणूक, पूर्वी केलेला प्रयत्न, असं बरंच काही आधीपासून साचत आलेलं असतं. मथळ्यात ते मावत नाही.

१० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. तो फ्रिजवर चिकटवा. पण पोर गप्प गप्प दिसलं तर आधी तुम्हीच विचारा, “जीव नकोसा होतो का रे?” हो म्हणालं तर ओरडू नका, एकटं सोडू नका. शेजारी बसा आणि तोच नंबर लावा.