सोवळ्याच्या घरातून श्रद्धेच्या घरात : ‘स्मृतिचित्रे’चे एक राहून गेलेले वाचन

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्या वर्गांतून साधारणतः दोन प्रकारे शिकविली जातात. एक, मराठीतील निर्मळ विनोदाचा उत्तम नमुना म्हणून; आणि दोन, एका लहरी प्रतिभावंताच्या पत्नीने सोसलेल्या संसाराची कहाणी म्हणून. ही दोन्ही वाचने खोटी नाहीत. मात्र त्यांत या ग्रंथाचा मध्यबिंदू निसटतो, असे आम्हांस वाटते. ‘स्मृतिचित्रे’ हा मूलतः एक घर मोडल्याचा आणि तेच घर निराळ्या पायावर पुन्हा उभे राहिल्याचा इतिहास आहे. तो निराळा पाया ख्रिस्ती श्रद्धेचा होता. धर्मांतर हा शब्द उच्चारताच आपण वर्गात थोडे अवघडतो आणि पुढच्या गमतीदार प्रसंगाकडे वळतो. प्रस्तुत लेखात तो अवघडलेपणा बाजूला ठेवून या घराकडे पाहावयाचे आहे.

शुभवर्तमानात खडकावर बांधलेल्या आणि वाळूवर बांधलेल्या घराचा दाखला येतो. आमच्या महागाव-उमरखेड भागात वाळूपेक्षा काळ्या जमिनीचे उदाहरण अधिक पटेल. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून जाणता गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणतो; ते श्रम वाचविले तर दोन-चार पावसाळ्यांत भिंतींना तडे जातात. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती घरांचा प्रश्न असाच होता. नव्या श्रद्धेचा पाया घातला म्हणणे सोपे होते; तो जातीच्या फुगणाऱ्या मातीखाली, पार मुरमापर्यंत गेला होता काय, हे पाहणे अवघड होते.

पहिल्या पिढीला तर घर बांधण्याआधी घर सोडणेच भाग पडले. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, तेव्हा न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. पण घरी परतलेल्या मुलाला जातीत घ्यावे की नाही, यावर ब्राह्मण समाजात मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला आणि त्यासाठी रोष पत्करला. घराचे दार न्यायालय उघडू शकत होते, स्वयंपाकघराचे नाही, हा या प्रकरणाचा अर्थ. पुढे नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ ख्रिस्ती झालेल्यांसाठी गावच वसविले. त्याचे नाव ‘बेथेल’, म्हणजे देवाचे घर. ज्यांना गावात जागा उरली नव्हती त्यांच्यासाठी नवे गाव, हा त्या पिढीने काढलेला मार्ग होता. 1854 साली बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या धर्मांतराची हकीकत सांगितली आहे. तीही मुख्यतः बाहेर पडण्याची हकीकत आहे.

कायदाही या मोडणाऱ्या घरांच्या मागोमाग चालत होता. 1850 च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क अबाधित ठेवला. 1866 च्या कायद्याने, ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीचा जोडीदार त्या कारणास्तव एकत्र राहण्यास नकार देत असेल, तर विवाहविच्छेदाची वाट खुली केली. म्हणजे नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्या वेळी जुना संसार मिटवून नवा मांडण्याची कायदेशीर सोय उपलब्ध होती. टिळकांनी ती वापरली नाही. आपली पत्नी येईल, अशी त्यांची खात्री असावी. ती आली, पण त्यांच्या पाठोपाठ नव्हे, स्वतःच्या पायांनी आली. या ग्रंथाचे मोल त्या चालण्यात आहे.

ते चालणे कोठून सुरू झाले हे ग्रंथाच्या आरंभीच कळते. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या आजोबांना 1857 च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यावयाची नाही, मीठसाखरसुद्धा नाही, असा तो कारभार. हे वर्णन वाचताना विद्यार्थी हसतात, आणि लेखिकेलाही त्यांनी हसावे असेच वाटत असणार. तथापि त्या हास्याच्या तळाशी भय आहे. एका राजकीय आघाताने हादरलेला माणूस आपले घर पाण्याने धुऊन सुरक्षित करू पाहतो. ते घर भीतीच्या पायावर उभे आहे. लक्ष्मीबाईंनी पुढे सोडले ते नेमके हे घर होते, आणि ते सोडणे पतीने धर्म सोडण्याहून कठीण होते.

टिळकांच्या वैचारिक प्रवासाशी विदर्भाचा निकटचा संबंध आहे. नागपुरात ते आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. ‘ऋषी’ हे नियतकालिक त्यांनी तेथे चालविले. 1893 च्या सुमारास राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. त्यांचा मार्ग ग्रंथाचा आणि चिंतनाचा होता. अक्षरओळख उशिरा झालेल्या आणि जोडाक्षरांशी जन्मभर झगडलेल्या लक्ष्मीबाईंना तो मार्ग उपलब्धच नव्हता. पतीच्या बाप्तिस्म्यानंतरची काही वर्षे त्यांनी माहेरच्या नातलगांत, विलक्षण मनस्तापात काढली. पुढे त्या अहमदनगरास पतीकडे आल्या. परंतु चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे अबाधित. एकाच संसारात दोन स्वयंपाकघरे होती.

आणि येथेच या कथेतील महत्त्वाचा क्रम ध्यानात घ्यावयास हवा. लक्ष्मीबाईंनी आधी धर्म बदलून मग जात सोडली नाही. आधी त्यांच्या मनाने घेतले की हे जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केले आहेत. आणि एकदा तसे वाटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली. 1900 सालचा त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. पंडितांनी वर्षानुवर्षे ज्यावर वाद घातले, तो प्रश्न त्यांनी पाण्याच्या तांब्यापाशी सोडविला. त्यांची श्रद्धा पतीकडून उसनी घेतलेली आहे, हे मत आम्हांस म्हणूनच मान्य होत नाही. उसनी श्रद्धा घ्यावयाची असती तर 1895 मध्येच घेता आली असती आणि पाच वर्षांचे हाल वाचले असते.

यानंतर उभे राहिलेले टिळकांचे घर हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक लक्षणीय घर आहे. अनाथ मुले, विद्यार्थी, वाट चुकलेले पाहुणे यांचा तेथे राबता असे. बालकवी ठोंबरे काही काळ या कुटुंबात राहिले आणि लक्ष्मीबाईंची माया त्यांना लाभली. मीठही धुऊन घेणाऱ्या बापाची मुलगी कोणत्याही जातीच्या पोरक्या मुलाला ताटावर बसवू लागली, एवढ्या एका वाक्यात या घराचा पाया किती खोल गेला होता हे कळते.

तरीही या घराचे भाबडे गुणगान करणे उचित होणार नाही. टिळकांचे औदार्य घरातल्या पैशापुढे कधी थांबले नाही. त्या औदार्याची किंमत पुष्कळदा लक्ष्मीबाईंच्या डब्यातल्या पिठाने भरली. 1917 साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. तेव्हाही संसाराचे गणित पत्नीलाच जमवावे लागले. पुरुषाची श्रद्धा आकाशाकडे पाहते आणि स्त्रीची श्रद्धा धान्याच्या कणगीकडे, हा भेद ख्रिस्ती घरातही टळला नाही. फरक इतकाच, की या घरातील स्त्रीने तो भेद लिहून ठेवला. रागाने नव्हे, हसत. आणि त्या हसण्यात हिशेबाचा एकही आकडा तिने चुकविला नाही.

आणखी एक गोष्ट भाषेची. पाश्चात्त्य पोशाख आणि पाश्चात्त्य चालींची गीते म्हणजे ख्रिस्तीपण, या समजुतीला टिळकांनी कसून विरोध केला. अभंग, ओवी, कीर्तन ही वारकऱ्यांच्या अंगणातली साधने त्यांनी उपासनेत आणली. 9 मे 1919 रोजी ते निवर्तले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी, आणि त्या काव्याचा बराच मोठा भाग त्यांचाच आहे. जात्यावरच्या ओवीशी ज्यांचे नाते होते त्यांच्या हातून ख्रिस्तचरित्राची ओवी पुरी व्हावी, यात घराची आणि भाषेची वीण एकच असल्याचे दिसते. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरपर्यंत केलेले बायबलचे मराठी भाषांतरही याच वृत्तीचे. आपल्या यवतमाळातही 1953 पासून 1983 मध्ये पुण्यास जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. ख्रिस्ती श्रद्धा ही आपल्याकडे केवळ परदेशी बंगल्यांची गोष्ट नव्हती, हे आपल्या विद्यार्थ्यांना दूरच्या उदाहरणांनी सांगण्याची गरज नाही.

1934 पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि 1936 साली लक्ष्मीबाई गेल्या. मराठी वाचकाने हे पुस्तक आपले मानले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण आपले मानताना त्यातील श्रद्धा आपण सोईस्करपणे दाराबाहेर ठेवली. जिने आयुष्यभराच्या झगड्यातून चूल आणि देव यांच्यामधील भिंत पाडली, तिच्याच ग्रंथासाठी आपण पुन्हा दोन स्वयंपाकघरे मांडली : एक वाङ्मयाचे, एक धर्माचे. तिचा देव आपण मानावा, असा याचा अर्थ नाही. अभ्यासकाने तो मानलाच पाहिजे असे नाही. ज्या पायावर तिने आपले घर बांधले तो पाया तेथे आहे, एवढे तरी शिकविताना मान्य करावे. त्याशिवाय त्या घरातल्या हास्याचा उगम विद्यार्थ्यांना उमगणार नाही.