बार्शी रोडचा सिग्नल आणि बोरीबंदरचा घुमट

स्टेन्ड ग्लास म्हटले की डोळ्यांसमोर चर्च येते. कुर्डुवाडीसारख्या गावाची रंगीत काचेशी ओळख मात्र सिग्नलच्या खांबावर झाली. १८५९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ पुण्याकडून सोलापूरच्या दिशेने सरकत इथवर आले, तेव्हा स्टेशनच्या पाटीवर कुर्डुवाडीचे नावसुद्धा नव्हते. पाटी होती ‘बार्शी रोड’. बाजारपेठ बार्शीची, आणि रूळ तिला वळसा घालून गेलेले.

रूळ आले तसे दिवे आले, आणि दिव्यांबरोबर काचा. त्या काळच्या सिग्नलच्या हाताला चष्म्यासारखी चौकट असायची. तिच्यात दोन रंगांच्या काचा बसवलेल्या असायच्या आणि मागे रॉकेलचा दिवा. हात हलला की दिव्यासमोरची काच बदलायची. यातली गंमत अशी की, रात्री हिरवी दिसणारी काच दिवसा खाली उतरवून पाहिली तर ती चक्क निळसर निघते. रॉकेलची ज्योत पिवळट असते. तिचा पिवळा उजेड निळसर काचेतून गेला की ड्रायव्हरला हिरवा दिसतो. हिरवी काच लावली असती तर पिवळट छटा आली असती. विजेचे दिवे आल्यावर हा हिशेब बदलला.

हिरव्याला ‘रस्ता मोकळा’ हा अर्थही उशिरा मिळाला. ब्रिटनमध्ये आधी पांढरा दिवा म्हणजे ‘चला’ आणि हिरवा म्हणजे ‘जपून’ असे होते. पण लाल काच फुटली किंवा निखळली तर मागचा पांढरा दिवा उघडा पडायचा आणि ‘थांबा’चे ‘चला’ होऊन बसायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्याची सुट्टी झाली, ती याच धास्तीने.

लाल रंगाने काचकारागिरांनाही आधीपासूनच छळले होते. तांब्यापासून केलेली लाल काच इतकी गडद होते की नेहमीच्या जाडीत ती काळीच दिसावी. त्यावर युरोपातल्या मध्ययुगीन कारागिरांनी तोड काढली. साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवायचा. मग तो थर हवा तिथे खरवडला की लालात पांढरी नक्षी उमटते. निळा रंग त्या मानाने सोपा, चिमूटभर कोबाल्ट पुरते. आणि ज्यामुळे या कलेला ‘स्टेन्ड’ हे नाव पडले तो पिवळा येतो चांदीच्या क्षारातून. भट्टीत चांदी काचेच्या अंगात मुरते आणि काच सोनेरी होते. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ही युक्ती युरोपात सर्रास वापरात आली. चेहऱ्याच्या आणि कपड्याच्या चुण्यांच्या काळ्या रेघा वेगळ्या. त्या लोखंडाच्या भुकटीत काचेची पूड मिसळून रंगवायच्या आणि सहाशे अंशांच्या वर भाजायच्या. बाकी सगळे रंग काचेतच असतात. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांनीही ते उडत नाहीत; खिडकी मोडते ती काचेचे तुकडे जोडणारे शिसे थकल्यामुळे.

मुंबईत ही कला आधी चर्चमध्ये दिसली. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये (१८५८) न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सच्या कारखान्यातल्या खिडक्या आहेत. त्यानंतर मात्र ती देवघरातून बाहेर पडली, आणि हा भाग जास्त रंजक आहे. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह १८७४ चे, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर १८७८ चे; आराखडे गिल्बर्ट स्कॉटचे. सभागृहाला पैसे दिले पारशी कावसजी जहांगीर रेडीमनींनी, टॉवरला आणि ग्रंथालयाला जैन प्रेमचंद रायचंदांनी. त्या सभागृहाच्या भल्यामोठ्या गोल खिडकीत संत नाहीत की देवदूत नाहीत. तिथे आहेत बारा राशी. पदवी घ्यायला आलेल्या चित्पावन, पारशी, प्रभू पोरांच्या डोक्यावर मेष-वृषभ-मिथुन. या काचांवर पुढे मुंबईच्या स्वाती चांदगडकर यांच्यासारख्या जतनतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे काम केले: तुकडे सुटे करणे, साफ करणे, नवे शिसे घालून पुन्हा बांधणे.

मग आले बोरीबंदर, म्हणजे आजचे सीएसएमटी. ज्या कंपनीने बार्शी रोडला सिग्नल उभा केला, तिचेच हे मुख्यालय. १८७८ मध्ये काम सुरू झाले, दहा वर्षे चालले. वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्स, खर्च सोळा लाखांच्या घरात. दगडावरचे मोर-माकडे-पाने घडवायला जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी होते. घुमटाखाली, जिन्याच्या वर, रंगीत काचांच्या उंच खिडक्या आहेत. सकाळचे ऊन त्यांतून जिन्यावर उतरते तेव्हा एखाद्या कचेरीने स्वतःवर एवढा खर्च का करावा, हा प्रश्न विसरायला होतो. देवळाची भव्यता कंपनीने हिशेबाच्या इमारतीला दिली, असेच म्हणायला हवे.

कुर्डुवाडीहून मुंबईकडे रुंद रुळांचा रस्ता गेला, तसा दुसरा एक बारका रस्ताही फुटला. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली: रुळांतले अंतर जेमतेम अडीच फूट, गाडी खेळण्यातल्यासारखी, आणि तिचा कारखाना कुर्डुवाडीतच. ती १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. मिरजेला गाडी बदलली की कोल्हापूर. तिथे नव्या राजवाड्यात महाराष्ट्रातली सगळ्यात आपली म्हणावी अशी रंगीत काच आहे.

मेजर चार्ल्स मँटने आखलेला हा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. त्याच्या दरबार हॉलच्या खिडक्यांत शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. युरोपातल्या चर्चमध्ये निरक्षर भाविकांना बायबल वाचून दाखवण्याचे काम खिडक्या करायच्या. इथे तेच काम शिवचरित्रासाठी झाले. शिसाची रेघ चेहऱ्यावरून जाऊ द्यायची नाही, ती पागोट्याच्या काठाने, बाहीच्या कडेने लपवत न्यायची, हा या कलेतला जुना दंडक. कोल्हापूरला गेलात तर प्रसंग ओळखून झाल्यावर थोडा वेळ या काळ्या रेघांच्या मागे डोळे फिरवून पाहा. कारागिराचे डोके तिथे कळते.

स्वदेशीच्या लाटेत काच मराठी मुलखातही होऊ लागली. माणशी एकेक पैसा गोळा करून १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंड काच कारखाना निघाला, १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाने घरोघर उजेड केला. रंगीत खिडक्यांची हौस मात्र राजेरजवाड्यांपुरती आणि वाड्यांच्या तावदानांपुरतीच राहिली.

मध्यमवर्गात ती हौस शिरली ती नकलेच्या वाटेने. काचेवर ट्यूबमधून काळी जाड रेघ ओढायची आणि मधे पारदर्शक रंग भरायचा, असे ‘ग्लास पेंटिंग’ करून अनेकांनी दिवाणखान्यात गणपती आणि मोर टांगले. ती काळी रेघ म्हणजे शिसाच्या पट्टीचे सोंग, हे करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

खरे काम शिकायचे तर शिसाच्या पट्ट्यांपेक्षा तांब्याच्या फितीपासून सुरुवात करणे सोपे. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत टिफनीच्या दिव्यांनी गाजवली. आधी कागदावर चित्र, त्याचे तुकडे, तुकड्यांना आकडे. मग तीन मिलिमीटरच्या काचेवर रॉकेलात बुडवलेले कटर एकदाच, एका दाबाने चालवायचे. ‘कर्र’ असा सलग आवाज आला म्हणजे रेघ बसली. तीच रेघ दुसऱ्यांदा ओढली की कटरही गेले आणि काचही. दोन्ही अंगठे रेघेच्या दोन बाजूंना ठेवून काच मोडायची, कड पाण्याखाली घासायची, तिला चिकट तांब्याची फीत गुंडाळायची. शेवटी डाख: कथील आणि शिसे, साठास चाळीस. त्याआधी फ्लक्स लावला नाही तर डाख तांब्यावर बसतच नाही, गोळी होऊन घरंगळतो. कल्हईवाला तापल्या पातेल्यात नवसागर टाकायचा, तो याचसाठी. रेल्वे कारखान्याच्या गावात हे हात नवे नाहीत.

शिसे पोटात जाता कामा नये. त्यामुळे हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर नको, खिडकी उघडी हवी, लहान मुले लांब हवीत आणि उठल्यावर साबणाने हात धुवायचे.

आणि पहिल्या नमुन्याला फुले-पक्षी नकोत. सरळ रेघांचे चार चौकोन घ्या. वळणाची काच नवशिक्याच्या हातात हमखास भलतीकडेच मोडते. त्याआधी बोरीबंदरच्या खिडक्या पाहायला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने कुर्डुवाडीहून रात्री निघून सकाळी सीएसएमटीला उतरलात तर थेट लोकलकडे पळू नका. घुमटाखालचा भाग रेल्वेच्या कचेरीत येतो, तिथे वाटेल तेव्हा शिरता येत नाही. वारसा-दालनाची वेळ आधी विचारून ठेवा.